सही करणारा हात

१९४० साल संपत आलं होतं. पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं आणि जर्मनांशी जुळवून घेऊन व्हिशी शहरात बसलेलं फ्रेंच सरकार ज्यूंविरुद्ध एकामागून एक फर्मानं काढत होतं. त्या दिवसांत सरकारी शाळांतल्या शिक्षकांपुढे एक कागद आला. आपण ज्यू नाही, फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचे सभासदही नाही, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. लिहून दिलं तर नोकरी राहणार होती. त्या शिक्षकांमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारी बत्तीस वर्षांची एक बाई होती. ती ज्यू नव्हती, फ्रीमेसनही नव्हती. म्हणजे कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. तिने सही केली.

ही बाई म्हणजे फ्रेंच लेखिका आणि विचारवंत सिमोन द बोव्हुआर. १९६० मध्ये छापलेल्या आत्मचरित्राच्या खंडात तिने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. सही करताना किळस वाटली, पण नकार कुणीच दिला नव्हता. माझ्या बहुतेक सहकाऱ्यांसारखाच माझ्याहीपुढे दुसरा मार्ग नव्हता, असा त्या मजकुराचा आशय.

हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी पान उलटून पुढे गेलो असतो. नोकरी, भाकरी, युद्ध. कुणीही असंच म्हणेल. पण ही बाई ज्या अस्तित्ववादी विचाराची अर्धी धुरा वाहत होती, त्या विचाराने नेमका हाच बचाव पिंजऱ्यात उभा केला होता. माणसापुढे दुसरा मार्ग नाही असं कधी नसतं. मार्ग असतो, फक्त त्याची किंमत आपल्याला द्यायची नसते. नकार देऊन उपाशी राहता येतं, पळून जाता येतं, अगदी टोकाला मरताही येतं. यातलं काहीच आपण केलं नाही, याचा अर्थ जे केलं ते आपण निवडलं. अस्तित्ववादाचा सगळा कठोरपणा या एका मुद्द्यात आहे.

उरलेली अर्धी धुरा वाहणारा तिचा साथीदार, तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र, तेव्हा जर्मनांचा युद्धकैदी होता. १९४१ च्या वसंतात सुटून तो पॅरिसला परतला आणि आल्या आल्या त्याने बोव्हुआरची झडती घेतली. काळ्या बाजारातून काही घेतेस का? कधीतरी थोडा चहा, ती म्हणाली. तेही जास्तच आहे, हा म्हणाला. आणि त्या कागदावर सही करायला नको होती, हेही त्याने सुनावलं. हा प्रसंगही तिनेच लिहिला आहे, आणि त्या नैतिक ताठरपणाने आपण कसे चकित झालो तेही. पुढची गोष्ट मात्र जास्त बोलकी आहे. त्याच वर्षी शरद ऋतूत सार्त्र पॅरिसच्या लिसे काँदोर्से या शाळेत शिकवायला लागला. ती जागा मुळात एका ज्यू शिक्षकाची होती. वंशाच्या कायद्याखाली त्याला काढून टाकलं होतं. मधे काही काळ दुसरा कुणी तिथे होता, मग सार्त्र आला. १९४३ मध्ये त्याचं नाटक जिथे रंगमंचावर आलं, त्या नाट्यगृहाला आधी सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीचं नाव होतं. ती ज्यू वंशाची, म्हणून कब्जाच्या काळात ते नाव पुसून टाकलेलं होतं. चहाच्या पुडीचा हिशेब मागणाऱ्या माणसाने या दोन्ही दारांतून आत जाताना कुठला कागद वाचला आणि कुठला वाचला नाही, असा प्रश्न मला पडतो.

तत्त्वज्ञांची उणीदुणी काढायची हौस मला नाही. उलट ही माणसं मला जवळची वाटतात ती यामुळेच. स्वातंत्र्य म्हटलं की मोकळं आभाळ, उघडा रस्ता असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ते बहुधा चार भिंतींच्या आत, टेबलावर, कागदाच्या तळाशी ओढलेल्या एका रेघेवर भेटतं. शेजारी पेन ठेवलेलं असतं आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघत असतो.

२९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये सार्त्रने ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं. अस्तित्ववाद हा मानवतावादच आहे, हे त्याला पटवून द्यायचं होतं. युद्ध संपून काही महिनेच झाले होते आणि गर्दी एवढी लोटली की खुर्च्या मोडल्या. मांडणी साधी होती. कागद कापायची सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात सुरी कशासाठी हवी हे आधी असतं, मग सुरी तयार होते. माणसाच्या बाबतीत असा कुणी कारागीर नाही. तो आधी असतो, आणि मग जे करतो त्यातून काय आहे ते ठरत जातं. स्वभाव, रक्त, बालपण, नियती, यांतल्या कुणाच्याही माथी त्याला खापर फोडता येत नाही. १९४३ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथापुढे हे व्याख्यान पातळच आहे. पण त्यातली एका विद्यार्थ्याची हकीकत इतकी जिवंत आहे की तेवढ्यासाठी ते पुन्हा पुन्हा वाचावं.

हा विद्यार्थी युद्धाच्या काळात सार्त्रकडे सल्ला मागायला आला. त्याचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता. बाप आईशी भांडून वेगळा झालेला, आणि वर शत्रूशी हातमिळवणी करण्याकडे झुकलेला. आई एकटी, या मुलाच्या आधारावर जगणारी. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचं होतं, भावाचा सूड घ्यायचा होता. गेला तर आई खचणार, कदाचित जगणार नाही. राहिला तर आईला नक्की उपयोग. सैन्यात जाण्याचा उपयोग मात्र बेभरवशाचा. वाटेत कुठल्या तरी छावणीत अडकून पडण्याचीही शक्यता होती. शेजाऱ्यावर प्रेम कर, हे धर्म सांगतो. पण शेजारी कोण, आई की लढणारा देशबांधव? माणसाला साधन मानू नकोस, हे तत्त्वज्ञ कांट सांगतो. पण आईला साध्य मानलं तर सैनिक साधन होतात आणि उलट केलं तर आई. मनाचा कौल घ्यावा, तर आईवर किती प्रेम आहे हे तिच्याजवळ राहिल्याशिवाय कळणार कसं? सगळ्या वाटा तपासून सार्त्रने त्याला सांगितलं की तू मोकळा आहेस, तूच निवड.

हे उत्तर अनेकांना हात झटकल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण त्याआधी सार्त्रने एक फार तीक्ष्ण गोष्ट सांगितली आहे. सल्ला कुणाकडे मागायचा हे ठरवलं की निम्मं उत्तर आपण देऊनच टाकलेलं असतं. हा मुलगा एखाद्या पाद्र्याकडे गेला असता तरी कुठल्या पाद्र्याकडे, हा प्रश्न उरलाच असता: जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या, की प्रतिकारात उतरलेल्या? आपण सगळेच असं करतो. नोकरी सोडायची असेल तर सोडून सुखी झालेल्या मित्राला फोन लावतो, सोडायची नसेल तर पस्तावलेल्याला. आणि मग म्हणतो, त्याने सांगितलं म्हणून.

माझी तक्रार वेगळी आहे. या अख्ख्या हकीकतीत आई एकदाही बोलत नाही. तिच्यासाठी काय योग्य याचा खल मुलगा करतो, प्राध्यापक करतो, पुढे जगभरचे वाचक करतात; तिला विचारायचं कुणाला सुचत नाही. कदाचित ती म्हणाली असती, जा. कदाचित म्हणाली असती, नको जाऊस, मला एकटीला भीती वाटते. दोन्ही ऐकल्यावरही ठरवायचं मुलालाच होतं, हे मान्य. पण एकट्याने ठरवणं आणि एकटेपणाने ठरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुरुवातीच्या सार्त्रला हा फरक फारसा दिसत नाही. बोव्हुआरला दिसतो. १९४७ च्या तिच्या नीतिविषयक पुस्तकात ती ठासून सांगते की माझं स्वातंत्र्य इतरांच्या स्वातंत्र्याच्या आधारानेच उभं राहतं. दुसरा मोकळा नसेल तर मी केलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला कुणी उरतच नाही.

इथे गीतेचा अठरावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. एवढा सगळा उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, यावर पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर. सार्त्रच्या कितीतरी आधी उच्चारलेलं हे वाक्य. त्यावर दहा श्लोकांनी अर्जुनाचं उत्तर येतं, ‘करिष्ये वचनं तव’, तू सांगशील तसं करीन. भक्तीच्या अंगाने हे उत्तर परिपूर्ण असेल. त्या वाटेच्या वाचकाशी माझं भांडण नाही. पण स्वातंत्र्याच्या अंगाने बघितलं तर मोकळीक मिळाल्यावर माणूस पहिली गोष्ट कोणती करतो, याचा हा नमुना आहे. तो ती परत करतो.

परत का करतो, याचं उत्तर डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४४ मध्येच देऊन ठेवलं होतं. चिंतेला त्याने स्वातंत्र्याची घेरी म्हटलं. कड्याच्या टोकाला उभं राहिल्यावर डोकं गरगरतं. त्यात पाय घसरण्याचं भय थोडं असतं. जास्त भय असतं ते आपण स्वतःच उडी टाकू शकतो याचं. सार्त्रने हा धागा उचलून एका जुगाऱ्याचं उदाहरण घेतलं, आणि ते मला त्याच्या सगळ्या उदाहरणांत खरं वाटतं. जुगार सोडायचा, असा या माणसाने काल मनापासून निश्चय केला. संसार बुडतोय हे त्याला दिसलं, तो रडला असेल. आज तो पुन्हा पटासमोर आहे आणि कालचा निश्चय त्याला चाचपडूनही सापडत नाही. आठवतो सगळा, पण आठवण त्याचा हात धरत नाही. निश्चय आज पुन्हा, पहिल्यापासून करावा लागतो. उद्या आणखी एकदा. आपल्याला वाटतं की बंधनं बाहेरून येतात आणि आपण आतून मोकळे असतो. सार्त्र सांगतो की आतही काही बांधलेलं नाही. चांगुलपणासुद्धा नाही. आजवर प्रामाणिक राहिलो हे उद्याच्या प्रामाणिकपणाचं तारण होऊ शकत नाही. वयाबरोबर मला हे जास्त जास्त खरं वाटू लागलं आहे, आणि जास्त अस्वस्थ करणारंही.

कॉफीगृहातल्या वेटरचं त्याचं उदाहरण मात्र डोक्यावर घेतलं गेलं तेवढं मला पटलेलं नाही. वेटर जरा जास्तच तत्पर, जरा जास्तच वेटरसारखा वागतो. जणू खुर्ची जशी खुर्ची असते तसा आपण वेटर आहोत, असं भासवून तो स्वतःची सुटका करून घेतो, असा आरोप. असेलही. पण त्याला त्या तत्परतेचाच पगार मिळतो, आणि त्याने दुपारी तीन वाजता अस्सल स्वत्व दाखवायचं ठरवलं तर पहिली तक्रार टेबलावर लिहीत बसलेला तत्त्वज्ञच करील. स्वतःला फसवणाऱ्या माणसाचं उदाहरण सेवा करणाऱ्यांत शोधण्यापेक्षा हुकूम देणाऱ्यांत शोधलं असतं तर बरं झालं असतं. ‘मी फक्त नियम पाळतो’ म्हणणारे तिथे जास्त भेटतात.

आता थोडं स्वतःकडे येतो. माझे काका आजारी होते तेव्हाची गोष्ट. शस्त्रक्रिया केली तर जगण्याची शक्यता होती, पण मेंदूला धक्का बसण्याचीही होती. नाही केली तर काही आठवडे. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावल्या, लपवाछपवी काही केली नाही, आणि कागद पुढे केला. नातेवाइकाची संमती. काकूंचे हात थरथरत होते. चुलत भाऊ विमानात होता, फोन लागत नव्हता. खोलीत आम्ही पाचसहा जण, आणि एकाएकी प्रत्येकाला दुसऱ्याचा अधिकार मोठा वाटायला लागला. तुम्ही थोरले. तुझं शिक्षण जास्त. तुमचा त्यांच्यावर जीव. एरवी मानपानावरून रुसणारी माणसं तेव्हा एकमेकांना मोठेपणा देत होती. शेवटी मी पेन उचललं. धैर्य वगैरे काही नव्हतं. ती शांतता मला सहन होईना, एवढंच.

काका वाचले. त्यानंतर अंथरुणावरच राहिले, बोलणं तुटक झालं, पण नातवंडं जवळ आली की चेहरा उजळायचा. काही दिवस बरे गेले, काही फार वाईट. ते गेल्यानंतर बऱ्याच काळाने काकूंनी विचारलं, “सही करताना काय आलं होतं रे मनात?” मी तोंड उघडलं ते “काकू, दुसरा काही इलाजच नव्हता” असं म्हणायला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसतं कुतूहल होतं. आपल्या नवऱ्याच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा कुठल्या विचारातून सुरू झाला हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. इलाज नव्हता म्हटलं असतं, तर तो टप्पा कुणाच्याच मनातून आला नाही, वाऱ्यावरून आला, असं झालं असतं. मग मी जे होतं ते सांगितलं. ते जातील हे मला त्या क्षणी झेपत नव्हतं; त्यांना काय झेपेल याचा विचार मी कमी केला, स्वतःचा जास्त. काकू म्हणाल्या, “मीही तेच केलं असतं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “किंवा नसतंही केलं.”

निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. तो सुटणारा नाही, कारण दुसरी वाट कुणी चाललंच नाही. उरतं ते इतकंच की तो कुणाचा होता.

पण इथे एक धोका आहे. सगळं आपल्या निवडीचं, हे वाक्य सुखवस्तू माणसाच्या तोंडी फार सहज बसतं. गरीब गरिबी निवडतो, मार खाणारी बाई नवरा निवडते, असं म्हणायला तिथून एकच पाऊल लागतं. सार्त्र या बाजूला घसरला होताच. पॅरिस मुक्त झाल्यावर १९४४ मध्ये त्याने लिहिलं की जर्मनांच्या कब्जाखाली होतो तेव्हाइतके आपण कधीच मोकळे नव्हतो. म्हणण्याचा रोख समजतो: प्रत्येक शब्दाला, प्रत्येक मौनाला तेव्हा वजन होतं. तरी हे वाक्य ज्याच्या दारावर पहाटे थाप पडली नाही त्याचं आहे. बोव्हुआर याच मुद्द्यावर १९४० पासून त्याच्याशी वाद घालत होती. जनानखान्यात कोंडलेल्या बाईला कसलं स्वातंत्र्य, असा तिचा प्रश्न. तो म्हणायचा, तिथेही अनेक तऱ्हांनी जगता येतं. ती वरवर नमली, पण मनातून नमली नाही. १९४७ च्या पुस्तकात तिने मुद्दा पक्का केला: आपली स्थिती म्हणजे निसर्गाचाच नियम, असं ज्यांना जन्मापासून पढवलं गेलं, पलीकडचं काही दिसेल अशी फटही ज्यांच्या भिंतीला ठेवली नाही, त्यांना दोष देता येत नाही. फट दिसल्यावर मात्र नजर वळवणं ही निवड होते. १९४९ मध्ये स्त्रियांविषयीचा तिचा मोठा ग्रंथ आला तो याच मुद्द्याच्या पायावर.

सार्त्रलाही ते पुढे कळलं. १९६९ च्या एका मुलाखतीत त्याने आपलंच जुनं लिखाण आठवलं: परिस्थिती काहीही असो, गद्दार व्हायचं की नाही हे माणूस मोकळेपणाने ठरवू शकतो, अशा अर्थाचं. मी हे खरंच मानत होतो यावर आता विश्वास बसत नाही, असं तो म्हणाला. पण त्याने सगळंच सोडून दिलं नाही. आपलं जे काही केलं गेलं, त्यातून आपण पुढे काय करतो एवढी जागा शेवटी उरतेच, आणि तेवढीच जबाबदारी. चौसष्टाव्या वर्षी स्वतःचा दावा इतका आक्रसून घेणाऱ्या तत्त्वज्ञाबद्दल मला त्याच्या तरुणपणीच्या गर्जनेपेक्षा जास्त आदर वाटतो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरची गोष्ट याच्या उलटी. १९२७ मध्ये त्याने लिहिलं की ‘लोक म्हणतात तसं’ जगणं टाकून माणसाने स्वतःचं जगणं निर्धाराने हाती घ्यावं. १९३३ मध्ये तो फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि नाझी पक्षात गेला. निर्धार होता, कशाचा, हे त्या निर्धाराला विचारायची सोय त्याच्या मांडणीत नव्हती.

त्याचाच एके काळचा मित्र, जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स याला मी या सगळ्यांत जास्त उपयोगी मानतो. यास्पर्सची बायको ज्यू. १९३७ मध्ये त्याला हायडेलबर्गच्या अध्यापनातून बाहेर काढलं, पुढे लिखाण छापायलाही बंदी आली. १४ एप्रिल १९४५ ला दोघांना छावणीत धाडायचं ठरलं होतं. त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी अमेरिकी सैन्य शहरात पोहोचलं म्हणून ती वाचली. अशा माणसाने त्याच हिवाळ्यात, पराभूत जर्मन विद्यार्थ्यांपुढे, जर्मनांच्या अपराधावर व्याख्यानं दिली. एकाच ‘दोषी’ शिक्क्याखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, असं त्याचं म्हणणं. कायदा मोडल्याचा दोष न्यायालय ठरवील. आपल्या नावाने राज्य चालवणाऱ्या सरकारच्या कृत्यांचं राजकीय देणं प्रत्येक नागरिकाला लागतं, तो स्वतः कितीही निर्दोष असो. नैतिक दोषाचा निवाडा ज्याचं त्याचं मन करील, फार तर जिव्हाळ्याची माणसं विचारू शकतील. तिऱ्हाइताला तिथे प्रवेश नाही. आणि चौथा दोष कुठल्याच न्यायालयात न बसणारा: आमच्या ज्यू मित्रांना नेलं तेव्हा आम्ही रस्त्यावर येऊन ओरडलो नाही, आम्ही मेल्याने कुणाचं भलं झालं नसतं या तर्काला धरून जगलो, आणि जगलो हाच आमचा दोष. हे म्हणणारा माणूस स्वतः मरणाच्या यादीत होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं लागतं.

बोव्हुआरच्या सहीकडे मी यास्पर्सच्या चष्म्यातून बघतो. न्यायालयाचा तिथे संबंध नाही. नैतिक निवाडा तिचा. तिऱ्हाईत म्हणून मला ती चौकट ओलांडायची नाही. मला खटकते ती सही नाहीच, ‘कुणीच नकार दिला नाही’ ही तिच्या शेजारची जोड खटकते. इतरांच्या सह्यांच्या आड आपली ठेवून दिली की ती दिसेनाशी होते. आज तर हे फारच सोपं झालं आहे. एका निर्णयावर वीस जणांची मान्यता, समितीचा ठराव, पडद्यावर ‘मी सहमत आहे’ची खूण, जबाबदारी इतकी पातळ पसरते की कुणाच्याच बोटाला लागत नाही.

सही न करणं हीदेखील सही असते, हे बोव्हुआरला मात्र पुढे पक्कं कळलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त छळणारी हकीकत तीच आहे.

रोबेर ब्राझियाक हा फ्रेंच लेखक आणि समीक्षक, कब्जाच्या काळात एका नाझीधार्जिण्या साप्ताहिकाचा संपादक. त्याने कुणाचा स्वतःच्या हाताने जीव घेतला नाही. तो लिहीत होता. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये पोलिसांनी तेरा हजारांवर ज्यूंना पकडलं, त्यांत चार हजारांवर मुलं होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी ब्राझियाकने लिहिलं की ज्यूंना सरसकट दूर करावं आणि लहानग्यांनाही मागे ठेवू नये. पॅरिस मुक्त झाल्यावर शत्रूशी संगनमताच्या आरोपाखाली त्याचा खटला १९ जानेवारी १९४५ ला चालला आणि त्याच दिवशी मृत्युदंड झाला. त्याला जीवदान मिळावं म्हणून लेखक-कलावंतांनी अर्ज काढला. एकोणसाठ जणांनी सही केली.

अर्ज लेखक आल्बेर कामूकडेही गेला. कामू जर्मनांविरुद्धच्या प्रतिकाराच्या वृत्तपत्राचा संपादक. देशद्रोह्यांना कठोर शिक्षा हवी म्हणून काही महिन्यांपूर्वी त्यानेच क्षमेची बाजू घेणाऱ्या मोरियाक या कादंबरीकाराशी जाहीर वाद घातला होता. त्याने विचार केला आणि सही केली. सोबत कळवलं की ही सही त्या लेखकासाठी नाही, त्याला मी काही किंमत देत नाही; त्या माणसासाठीही नाही, त्याचा मला मनस्वी तिरस्कार आहे. मृत्युदंड मला मान्य नाही, म्हणून. बोव्हुआरने सही नाकारली. ती खटल्याला स्वतः हजर होती आणि ब्राझियाक न्यायालयात ज्या धीराने उभा राहिला त्याची तिच्यावर छाप पडली. आम्हाला मरण हवं होतं त्या संपादकाचं, आणि समोर होता नीट मरायला सिद्ध झालेला एक माणूस, अशा अर्थाचं तिने १९४६ च्या निबंधात लिहिलं. तरीही नकार कायम. जे मित्र मेले त्यांच्या बाजूने मी आहे. ब्राझियाकसाठी बोट जरी उचललं तर त्यांना माझ्या तोंडावर थुंकायचा हक्क राहील, ही तिची भूमिका. सार्त्रनेही सही केली नाही. तेव्हाचा सरकारप्रमुख द गॉल याने अर्ज फेटाळला आणि ६ फेब्रुवारीला पस्तीस वर्षांच्या ब्राझियाकला गोळ्या घातल्या.

कामू आणि बोव्हुआर, दोघांच्याही पायाखाली एकच तत्त्व होतं: शब्दांची जबाबदारी असते, लेखक आपल्या वाक्यांमागे लपू शकत नाही. ते ब्राझियाकला लावून बोव्हुआर एका निष्कर्षाला आली; स्वतःच्या सहीला लावून कामू दुसऱ्या. वरून पाहून तोलणारा कुणी नाही, हे दोघेही मानत होते. १९४८ मध्ये कामूने जाहीरपणे कबूल केलं की मोरियाकशी झालेल्या वादात मोरियाकचंच बरोबर होतं. बोव्हुआरने आपल्या नकाराबद्दल असं काही म्हटलं नाही.

मी असतो तर कामूच्या बाजूने सही केली असती. मृत्युदंडाबद्दल माझं मत फार दिवसांपासून ठरलेलं आहे. पण त्या जुलैत ज्यांची मुलं नेली, त्यांच्यातल्या कुणी येऊन विचारलं असतं की आमच्या मुलांसाठी तू कुठल्या कागदावर सही केली होतीस, तर माझ्याकडे तेवढं एक तत्त्व सोडून दाखवायला काही नसतं. ते त्यांना पटावं, अशी अपेक्षा करायचा हक्कही मला नसता.